बाबांच्या मशीनसाठी योग्य सिस्टिम

४ जून
बाबांच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर ही या घरातली एकमेव दर्जेदार वस्तू. बाकीच्यांच्या लेखी भंगार. गाढवाला गुळाची चव काय.

बाबा त्यावर फक्त बुद्धिबळ खेळतात. निवृत्त ड्राफ्ट्समन, दुसरं सुचणार काय? सगळ्यात वरच्या लेव्हलला मशीन त्यांना वर्षानुवर्षं हरवतंय. या खेपेला मात्र त्यांचा एक घोडा जास्त आहे. एकदा तरी त्याला हरवायचंय म्हणाले. घाई नको म्हणून दिवसाला एकच चाल करतात.

म्हटलं, डावाचा बॅकअप घेऊ. फ्लॉपी शोधली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात ‘बाबा – डाव – बॅकअप’ असं लेबल लावलं, ड्राइव्हमध्ये सरकवली. तेवढ्यात चहा आला. कॉपी उद्या. तयारी झाली की काम झाल्यातच जमा.

५ जून, सकाळ
मशीन सुरू होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, सिस्टिम डिस्क नाही. एका नजरेत निदान केलं. ऑपरेटिंग सिस्टिम उडाली. ऑफिसात सगळं सिस्टिमचं मीच बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच बोलावतात.

बाबांना म्हटलं, रविवारपर्यंत डाव तुमच्या पुढ्यात. आता घालायचीच आहे तर नीट निवडून घालू. बाबा म्हणाले, होती तीच घाल. पिढीचा दोष, दुसरं काय.

८ जून, रविवार
घाईचं काम नाही हे.

डॉस: निर्मळ, पुरुषी. चित्रंबित्रं नाहीत.
विंडोज पंच्याण्णव: देखणी, पण जरा पोरकट.
विंडोज अठ्ठ्याण्णव: होती ती. कारकुनांची आवड.
ओएस टू: जाणकारांची. म्हणूनच कोणी वापरली नाही.

डॉसकडे कल आहे. ही म्हणाली, त्यात बाबांचं बुद्धिबळ चालेल का? प्रश्न तपशिलाचा आहे.

१५ जून
जुन्या मशीनवाल्यांच्या एका ग्रुपवर मत मागवलं. सत्तर उत्तरं आली. एकजात अडाणी. एकाने विचारलं, मुळात ही उठाठेव कशासाठी? त्याला मी दोन पानी उत्तर दिलं. ग्रुपमधून काढलं मला. सत्य पचत नाही लोकांना.

बाबा बंद पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, माझी चाल ठरलेली आहे रे, फक्त करायची राहिलीय. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

२२ जून
हिचा भाऊ जेवायला आला. बाथरूमचे नळ आणि बेसिनं विकतो. आल्या आल्या मशीनपुढे वाकून म्हणाला, भावोजी, आत काही अडकलंबिडकलंय का बघितलंत का? म्हटलं, अडकतं ते तुमच्या बेसिनमध्ये. ही सोडून सगळे हसले. म्हणजे मीच. पण मनापासून.

६ जुलै
ओएस टू नक्की.

७ जुलै
ओएस टू रद्द. आमच्या घरात तिची लायकी ओळखणारं आहे कोण? सुरुवातीच्या काळातलं लिनक्स बघावं म्हणतो.

१३ जुलै
लिनक्सचं पुस्तक आणलं. जाडजूड आहे. उशाला घेऊन झोपलो. मान अवघडली.

बाबांनी हल्ली विचारणं सोडलंय. विश्वास बसला असावा.

२७ जुलै, रविवार
निर्णय झाला. सर्व बाजूंनी तौलनिक अभ्यास करून विंडोज अठ्ठ्याण्णव. ही म्हणाली, म्हणजे होती तीच. होती तीच, पण विचारान्ती. हा फरक हिला या जन्मी कळायचा नाही.

सिस्टिम चढवायची सुरुवातीची फ्लॉपी घालायला गेलो तर ड्राइव्हमध्ये आधीच एक बसलेली. बाहेर काढली. ‘बाबा – डाव – बॅकअप’. माझंच अक्षर. स्वतःच्या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं. बॅकअप हाताशी असल्यामुळे निर्धास्तपणे मशीनची अख्खी हार्ड डिस्क पुसली. बाबा दारात उभे होते. डाव राहील ना रे, म्हणाले. मी फ्लॉपी उंच धरून दाखवली.

संध्याकाळपर्यंत सिस्टिम बसली. बुद्धिबळाची सीडी बाबांनी जपून ठेवली होती, तीही चढवली. मग डाव परत आणायला फ्लॉपी घातली.

फ्लॉपी रिकामी आहे.

जुन्या फ्लॉप्यांचं असं होतं. दमट हवेने डेटा उडतो. बाबांना सांगितलं, उद्या काढतो कसाही. मशीन बंद केलं.

२८ जुलै, सकाळ
पुन्हा तीच ओळ. सिस्टिम डिस्क नाही. काल बसवलेली सिस्टिम एका रात्रीत उडाली. आता हार्ड डिस्कच बदलावी लागणार, असं मी बाबांना समजावत होतो. ही केर काढता काढता थांबली. पुढे झाली. ड्राइव्हचं बटण दाबलं. फ्लॉपी बाहेर आली. हिने कुठलीतरी कळ दाबली. मशीन गुणगुणत सुरू झालं.

 हिने विचारलं, “ही जूनमध्येही आतच होती का?”

 काही प्रश्नांना तांत्रिक पार्श्वभूमी लागते.

बाबांनी फ्लॉपी हातात घेतली, लेबल वाचलं आणि माझ्या हातात परत दिली. अक्षर छान आहे म्हणाले.

२९ जुलै
ते रागावले असते तर बरं झालं असतं. निदान मला उलट बोलता आलं असतं. ऑफिसात दिवसभर कोणावर तरी खेकसावंसं वाटत होतं. प्रिंटरसुद्धा अडकला नाही.

३ ऑगस्ट, रविवार
बाबांनी माळ्यावरून लाकडी पट काढायला लावला. चष्मा पुसून त्यांनी अडलेला डाव जसाच्या तसा मांडला, प्याद्यांसकट. सगळा पाठ होता. मशीनच्या बाजूने कोण खेळणार? नळवाला मेहुणा. त्याला घोडा अडीच घरं जातो हे बाबांनी आधी शिकवलं.

ठरलेली चाल बाबांनी एकदाची केली. अर्ध्या तासात जिंकले. मेहुणा टाळ्या वाजवत होता, हिने चहा केला. बाबा पटाकडे बघत राहिले. म्हणाले, मशीन एवढं वाईट खेळत नव्हतं.

मला राहवलं नाही. मेहुण्याला हरवण्यात कसलं आलंय सुख? मी पुढे झालो आणि म्हटलं, बाबा, मी बसतो समोर.

बाबांनी सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. “नको रे,” म्हणाले. “तू काळे घेऊ का पांढरे हेच दिवाळीपर्यंत ठरवत बसशील.”

सगळे हसले. या खेपेला खरोखर सगळे.

रात्री
बाबांचा आक्षेप वरवरचा आहे. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पांढऱ्याला पहिली चाल मिळते हे खरं, पण काळ्याला समोरच्याचा बेत आधी दिसतो. दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात. पुढच्या रविवारपर्यंत नक्की करतो, म्हणजे बाबांना विचारता येईल.