फ्लॉरेन्सच्या खेड्याची चांदवडला तालीम

इंदिरानगर, नाशिक

आदरणीय मालनताई यांना, तुमची भावजय प्रतिभा हिचा सविनय जय भीम.

तुमची प्रकृती कशी आहे हे आधी विचारायची रीत आहे. पण गेल्या रविवारी तुम्ही जिवंत असल्याची खात्री चांदवडकडचे आपले नातलग दत्तूभाऊ यांनी मनमाडला तुम्हाला फोन लावून करून घेतलीच आहे, तेव्हा तो विषय मिटला. "ताई, हायेत ना तुम्ही?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला आणि तेव्हापासून तुम्हाला जेवण गोड लागत नाही असं कळलं. त्याचा खुलासा करावा म्हणून हे पत्र. (फोनच केला असता, पण तुमच्या बंधूंना घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. रेल्वेतून टी.सी. म्हणून निवृत्त झाले, पण तपासणी चालूच आहे.)

तुम्हाला माहीतच आहे, आपली संजना फ्लॉरेन्सला नोकरी करते आणि तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावलंय. शहरात पर्यटकांची गर्दी फार, म्हणून तिने सुचवलं की फ्लॉरेन्समध्ये मुक्काम ठेवून आसपासची शांत खेडी बघू आणि त्यातल्या एका टेकडीवरच्या गावात, द्राक्षाच्या मळ्यात, दोन दिवस राहू. तिथे काही करायचं नाही, नुसतं बसायचं. आता नुसतं बसणं ही गोष्ट तुमच्या बंधूंच्या प्रकृतीला किती मानवते हे मी तुम्हाला काय सांगावं! त्यांनी इटलीतल्या गाड्यांचं वेळापत्रक मोबाइलवर उतरवून घेतलं आणि कार्यक्रम आखला. सकाळी एक शांत गाव, दुपारी दुसरं शांत गाव, चहाच्या वेळी तिसरं. प्रत्येक गावात उतरायचं, गाव शांत असल्याची खातरजमा करायची, फोटो काढायचा आणि पुढची गाडी पकडायची. एकदा शांतता बघून झाली की तिथे थांबायचं कशाला, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे.

या थोर कार्यक्रमात जागा करायला त्यांनी खोडलं काय, तर नेमका तो द्राक्षाचा मळा. "द्राक्षं बघायला इटलीला जायचं, तर नाशिकने काय घोडं मारलंय?" असं म्हणाले. मी ते गाव परत घालते, ते परत खोडतात. ताई, मला बाकी काही नको. तो पिसाचा कललेला मनोरा मी पोहोचेपर्यंत सरळ उभा राहिला तरी माझी तक्रार नाही. पण संजनाने मागितलेले ते दोन दिवस मला हवेत म्हणजे हवेतच.

शेवटी वैतागून मी म्हटलं, तुम्हाला खेड्यात गप्प बसताच येत नाही, हे खरं कारण आहे. झालं, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. रविवारी पहाटे मला उठवून म्हणाले, तालीम करू. नाशिक म्हणजे फ्लॉरेन्स समजायचं, दत्तूभाऊंची वस्ती म्हणजे इटलीतलं खेडं, आणि आपल्याला तिथली भाषा येत नाही असं धरून चालायचं. (चांदवडच्या एसटीत कांद्याच्या गोण्यांवर पाय ठेवून इटलीला जाणारी नाशकातली पहिली बाई मीच असेन.) आम्ही पोहोचलो. दत्तूभाऊ आणि लंकाबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं. तुमचे बंधू मान खाली घालून बसले. मीही बसले. एक शब्द नाही.

आता ताई, आपल्याकडे माणसं अचानक दारात येऊन, न बोलता, खाली मान घालून कधी बसतात? लंकाबाईंनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आवं भाऊ, कोन गेलं?" भाऊ इटलीत, त्यांना मराठी कुठली कळायला! भाऊंनी फक्त मान हलवली. ते बघून लंकाबाईंनी जो गळा काढला, तो ऐकून सगळी वस्ती जमा झाली. बायका माझ्या गळ्यात पडून "लय वाईट झालं" म्हणायला लागल्या, आणि खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. तुमचं वय सगळ्यांत जास्त, म्हणून दत्तूभाऊंनी पहिला फोन तुम्हाला लावला. तुमचा आवाज ऐकल्यावर ते इतके चिडले की आम्हाला जेवल्याशिवाय सोडलंच नाही. परतीच्या एसटीत तुमचे बंधू एवढंच म्हणाले, "जमलं नाही." त्या रात्री त्यांनी मळ्याचं गाव पुन्हा खोडलं.

असो. गुडघ्यांना तेल लावत जा. कळावे, लोभ आहेच.

तुमची,
प्रतिभा

ता.क. आता खरं सांगते. तो मळा लोरेन्झो नावाच्या मुलाच्या घरचा आहे आणि आपल्या पोरीला त्याच्याशी लग्न करायचंय. तिने फक्त मला सांगितलंय. जिथून पुढची गाडी लवकर नाही अशा गावात बाबांना बसवून त्यांच्या कानावर घालायचं, असा आमचा मायलेकींचा बेत आहे. तुमच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत, म्हणून तुम्ही बरोबर चला. श्रीलंकेच्या धम्मसहलीसाठी काढलेला पासपोर्ट आहेच. आणि मनमाड स्टेशनवर त्या तमिळ बाईशी, एकमेकींचा एक शब्द कळत नसताना, गाडी येईपर्यंत गप्पा मारून तुम्ही लोणच्याची कृती घेऊन आला होतात. तुम्हाला इटली काय अवघड!

ता.क. दुसरा (अक्षर माझं, तुझ्या भावाचं). ताई, हिने पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि डिंक अजून ओला होता. संजना त्या खेड्याचे फोटो पाठवते, त्यात डोंगर मागे आणि दरवेळी तोच पोरगा पुढे. जन्मभर तिकिटं तपासली, कोण कुणाबरोबर निघालंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. पोरगा चांगला वाटतो. माझी ना नाही. पण व्याह्यासमोर बसून बोलायचं काय आणि कोणत्या भाषेत, याचीच मला धास्ती, म्हणून ते गाव खोडत होतो. न बोलता बसणं जमतंय का, ते चांदवडला बघितलं, तर लोक रडायला लागले. पोरीच्या सोयरिकीत तसं व्हायला नको. गाव परत घातलंय, हिला अजून सांगितलेलं नाही. तू ये, ताई. तू बोल, मी शेजारी बसतो.