बाळगोळी

५ जानेवारी १९५७
ह्यांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला गेलं, क्वार्टरचा अजून पत्ता नाही. म्हणून मी नि बाळ इथेच, बऱ्हाणपुरात आईकडे. धाकटा भाऊ मधू अफू खातो, हे आज मला शेजारणीकडून कळावं! आई म्हणते, "तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून नाही सांगितलं."

८ जाने.
तालमीच्या उस्तादांनी मधूला हाताशी घेतलं. पहाटे तापीवर आंघोळ, मग जोर-बैठका, दिवसभर आळीतलं कुणीतरी सोबत. अट एकच. पुन्हा खाल्ली तर घरच्यांनी लपवायचं नाही. आईनं तापीची शपथ घेतली, मीही.

संक्रांत
फार हाल पोराचे. नाक गळतं, अंग पिळवटतं, आईला नको नको ते बोलतो. शेजारचे धनाभाऊ पाय चेपत बसले होते. ना नात्याचे ना गोत्याचे.

२० जाने.
मधूनं मागून मावा जिलबी खाल्ली! "ताई, एकदम बढिया बनी है." आळीत आनंदीआनंद. गोड जायला लागलं म्हणजे सुटली, सगळे म्हणतात. धनाभाऊ आता रोज पुडा आणतात.
बाळही हल्ली गुणी झालंय. रडत नाही.

२६ जाने.
दुपारी बाजारातून आले तर बाळ उठेना. गदागदा हलवलं. आई शांतपणे, "बाळगोळी दिली थोडीशी. तुम्हालाही देतच होते की." अफू! माझ्या बाळाला! डबी हिसकावली. आत बोराएवढ्या गोळ्या.
"एवढ्या मोठ्या? बाळाला?"
आई मधूच्या खोलीकडे बघायला लागली. नातवासाठी हवी म्हणून दुकानातून आणायची, नि मधूला द्यायची. "पाया पडला गं माझ्या. जिलबीसुद्धा गोळी पोटात गेल्यावरच गोड लागते त्याला. तूही आई आहेस, समजून घे."
नाही समजत. माझ्या लेकराच्या नावावर?
संध्याकाळी बाळानं डोळे उघडले. मधू दारात, "ताई, उस्तादांना नको सांगू. तालमीतून निकाल देंगे."

२७ जाने.
धनाभाऊ पुडा घेऊन आलेत. "काय म्हणतोय आमचा पैलवान?" बसा म्हटलं, नि चहा टाकायला आत आले. ते ओसरीवर, मी चुलीपाशी हे खरडतेय. सांगितलं तर मधू जातो. नाही सांगितलं तर
बाळ केवढ्यांदा रडतंय. आई उठली. ओरडले, "हात लावू नकोस त्याला!"
धनाभाऊ बाहेरून विचारताहेत, काय झालं.