सरकणारं टोक

बुधवार, चिंचवड

आजही तेच. म्हणे सेन्सर ढिला असेल!

रिक्षाच्या बॅटरीचं ब्रॅकेट टेस्टच्या टेबलावर हळू हलवलं की ग्राफचं टोक, म्हणजे ते सगळ्यात जास्त थरथरतं ती फ्रिक्वेन्सी, एका जागी येतं. जोर दुप्पट केला की टोक नुसतं उंच व्हायला हवं, पण ते डावीकडे सरकतं. जोर कमी केला की परत जागेवर. म्हणजे वागणं नॉनलिनियर आहे, जोर बदलला की थरथरण्याची तऱ्हाच बदलते; बोल्टचा जोड आतून घसरतोय. पण हे आमच्या लॅबप्रमुखांना कोण सांगणार? "अहो, सेन्सर नीट चिकटवा." पुन्हा पुन्हा चिकटवला. टोक सरकायचं ते सरकलंच. शेवटी काय म्हणावं या माणसानं? "मग जोर वाढवताच कशाला? हळू हलवा आणि रिपोर्ट पाठवून द्या."

धन्य आहे! चाकणचे खड्डे यांना विचारून हळू हलवणार आहेत का? जोड सुटला तर बॅटरी माणसांच्या बुडाखाली. आणि सही माझी. नाही केली. उद्या बोंबलतील, बोंबलू देत.

त्यात कंपनीची बस चुकली, म्हणून या लॅबप्रमुख सरांच्याच गाडीत बसावं लागलं. वेग वाढला की डॅशबोर्ड खडखडायचा, कमी झाला की गप्प. मोशीला सर भडकले. "सर्व्हिस सेंटरवाले गाढव आहेत हो! हळू चालवून बघतात आणि म्हणतात, काही वाजत नाही."

मी म्हटलं, "सर, मग वेग वाढवताच कशाला?"

सरांनी वेग आणखी वाढवला, आणि चिंचवडपर्यंत डॅशबोर्ड खडखडत राहिला.