चार मिनिटं जोरात, तीन सावकाश

सोमवार, ४ मार्च

जिना मला कितीला पडला, त्याचा आज खरा हिशेब मांडला. घर बांधताना जिन्यातून दीड हात जागा वाचवली आणि खाली दुकानात आणखी एक लेथ मशीन बसवलं. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर काय खूश होतो! मशीन केव्हाच विकलं. जिना राहिला — अरुंद, उभा, शिडीचा चुलतभाऊ. त्यात खुर्ची वळत नाही, स्ट्रेचर वळत नाही. डिसेंबरात झटका आला तेव्हापासून मी खाली, दुकानामागच्या खोलीत. ही वर. हिचे गुडघे उतरू देत नाहीत, माझं हृदय चढू देत नाही. जानेवारीत कोणाला न सांगता चढायला गेलो, तर पहिल्याच वळणावर डोळ्यांपुढे अंधार. पुन्हा पंधरा दिवस दवाखाना. म्हणजे एका लेथच्या बदल्यात बायकोचं तोंड बघणं गेलं. एवढा महाग सौदा मी दुसरा केलेला नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "तुमचा पंप पस्तीस टक्क्यांवर आहे." जन्मभर पंप आणि मोटरी दुरुस्त केल्या. पस्तीस टक्क्यांवर चालणारा पंप मी भंगारात काढतो!

मग म्हणाले, व्यायाम करायचा. फिरण्याबिरण्याचा नाही — जोराचा. चिरंजीव उडालाच. "डॉक्टर, हृदयाच्या माणसाला पळवायचं?" डॉक्टर म्हणाले, "थोडा वेळ पळवायचं, थोडा वेळ सोडायचं. आमच्या डोळ्यांसमोर. घरी स्वतःच्या मनाने नाही." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मी एकच विचारलं. "जिना चढेन?"

"प्रयत्न करू," म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाला मी असंच सांगतो.

बुधवार, ६ मार्च

कप्तानच्या हाती सापडलो. व्यायाम घेणारी मुलगी — सगळे तिला कप्तानच म्हणतात. वय माझ्या सुनेएवढं, आवाज फौजदाराचा. लांबट खोली, ओळीने सहा सायकली, कुठेही न जाणाऱ्या. रबराचा वास. छातीला वायरी चिकटवल्या आणि पडद्यावर माझं हृदय सगळ्यांसमोर नाचायला लागलं.

चार मिनिटं जोरात, तीन सावकाश. असं चारदा. मी म्हटलं ठोके किती न्यायचे ते सांग, नेतो. तर म्हणे, "काका, तुमची गोळी ठोके वाढूच देत नाही. आकड्यावर जाऊ नका. मी तुमच्या बोलण्यावर जाणार. जोराच्या वेळी अख्खं वाक्य बोललात तर सायकलचा लोड वाढवीन. दोन शब्दही निघेनात तर कमी करीन."

मग विचारलं, दुकान कसलं? मी कसलं ते सांगितलं, कधी सुरू केलं, त्याआधी कोणाकडे राबत होतो, तो मालक किती कंजूष होता, तेही सांगितलं. तिने शांतपणे लोड वाढवला. "बोलताय म्हणजे अजून जागा आहे." तोंडाच्या जोरावर धंदा उभा केला, आणि इथे त्याच तोंडाने मार खाल्ला!

घाबरलो होतो — इथे लिहायला काय जातं. छातीत धडधड वाढली की तो डिसेंबरचा दिवस आठवतो. घाम व्यायामाचा की भीतीचा, कळेना. पण सावकाशची तीन मिनिटं आली आणि धडधड उतरली. आपोआप! चढलेली धडधड उतरते, यावरचा भरवसाच गेला होता माझा.

शनिवार, ९ मार्च

बेअरिंग गेलेली मोटर मी रस्त्याच्या पलीकडून आवाजावरून ओळखतो. मग छताचं काय! दुपारी पडल्या पडल्या हिचं सगळं ऐकतो. काठी टेकते — टक. मग बरा पाय. मग दुखरा, घासत. पलंगापासून खिडकीपर्यंत, तिथे थोडी थांबते, मग परत. डॉक्टरला कानात नळ्या घालून ऐकावं लागतं, मी नुसतं छताकडे बघून ऐकतो.

चिरंजीवाला सांगून टाकलं, "तुझ्या आईचं मला कोणी काही सांगायची गरज नाही. माझे कान आहेत." तो माझं ताट उचलून निघून गेला. जाईल नाहीतर काय करेल!

गुरुवार, १४ मार्च

संध्याकाळी हिचा फोन. रोज असतो. चिरंजीव म्हणत होता, आईला फोनच्या पडद्यावर दाखवतो. हीच नको म्हणाली. "पडद्यावर काय बघायचं? चढून या नि बघा." डिसेंबरात तो म्हणाला पाठुंगळी मारून खाली आणतो, तर त्याला झापलं — "मी काय पोतं आहे?" बरोबर आहे. माझंही तेच. चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईल, आत्तापासून सराव कशाला?

हिचा आवाज आज आडवा वाटला. उशीवर डोकं असल्यासारखा. म्हटलं, "झोपली होतीस काय?"

"तुम्ही नाही म्हटल्यावर चहाला कोणासाठी उठू?"



सोमवार, १८ मार्च

शेजारच्या सायकलवर मास्तर असतात. शाळेत भूगोल शिकवायचे. दोन झटके, एक बायपास. सावकाशच्या मिनिटांत आमच्या गप्पा चालतात, जोराच्या मिनिटांत दोघेही म्हशीसारखे धापा टाकतो. आज मी त्यांना हिच्याबद्दल सांगत होतो, छताबद्दल, जिन्याबद्दल.

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नशीबवान आहात. माझ्या घराला जिनाच नाही. बसलो काय नि चढलो काय."

चार वर्षं झाली त्यांच्या मंडळींना जाऊन. विचारलं, मग इथे का येता? म्हणाले, "दम लागला का, असं विचारणारं कोणीतरी लागतं हो." तेवढ्यात कप्तानने हात वर केला आणि जोराचं सुरू झालं. बरं झालं.

शुक्रवार, २२ मार्च

हिला फोनवर सगळी पद्धत शिकवली. म्हटलं, तूही कर. पलंगापासून खिडकीपर्यंत जरा भराभर, येताना सावकाश. गुडघ्याचं वंगण सुटेल.

"बरं," म्हणाली. मग, "तुमची ती कप्तान दिसायला कशी आहे?"

"मला पडद्याशिवाय काही दिसत नाही तिथे."

"खोटं बोलताना तुम्हाला अजून दम लागतो."

मग तिने माझीच परीक्षा घेतली. "एक लांब वाक्य न थांबता बोला बघू." मी बोललो — नव्या गिऱ्हाइकाबद्दल काहीतरी, चांगलं ऐसपैस. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही. छान वाटलं."

सोमवार, २५ मार्च

वर सुरू झालं! टक-टक-टक भराभर, खिडकीपर्यंत. मग सावकाश परत. पुन्हा भराभर! ऐकलं माझं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

राहवेना. झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकलं. पावलं थांबली. मग वरून काठीचे दोन ठोके आले.

चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण डोळे पुसावे लागले.

बुधवार, ३ एप्रिल

सूनबाई दोन दिवस भावाकडे. वर सामसूम. सोबतीला कोणी नाही म्हणून चालायची धास्ती घेतली असणार हिने.

सोमवार, ८ एप्रिल

हिचा पाय सुधारला. मी सांगतो ना! घासणं जवळजवळ गेलं. टक, पाऊल, पाऊल — नवीन बेअरिंग टाकल्यासारखं. कप्तानला सांगितलं. म्हणाली, "गुडघा एवढ्या लवकर? काकू भारीच आहेत." आवाजात शंका होती. दुसऱ्याचा इलाज लागू पडलेला यांना बघवत नाही.

जेवण घेऊन सूनबाई खाली आली तेव्हा तिलाही म्हटलं, "सासूबाई तुझ्या धावायला लागतील आता. पाय घासतसुद्धा नाहीत." तिने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी. जीव आहे पोरीचा सासूवर. अशी सून मिळायला भाग्य लागतं.

माझंही बरं चाललंय. आज जोराच्या चौथ्या फेरीत कप्तानने विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, "कठीण. चालेल." दोनच शब्द. "आता बरोबर," म्हणाली. एवढ्या कमी शब्दांत शाबासकी कधी मिळाली नव्हती.

मंगळवार, ९ एप्रिल

आज पाय पुन्हा घासतोय. माझीच नजर लागली मेली.

सोमवार, १५ एप्रिल

मास्तरांची सायकल मध्येच थांबवली. त्यांना काही जाणवलंही नव्हतं. पडद्यावर ठोके वेडेवाकडे पडायला लागले. कप्तान आवाज न चढवता आली, त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "मास्तर, पाय हळूहळू थांबवा." मग डॉक्टर, मग चाकाची खुर्ची.

आम्ही बाकीचे आपापल्या सायकलींवर सावकाश पाय मारत राहिलो. सगळ्यांच्या पडद्यांवरचे आवाज तेवढे — टिप, टिप, टिप. प्रत्येक जण स्वतःचा ऐकत होता. मीही.

जाताना मास्तरांनी माझ्याकडे बघून हात केला. "तुम्ही चढून घ्या," म्हणाले.

घरी आलो ते जिन्याजवळ उभा राहिलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर गेलो आणि तिच्यासमोरच कोसळलो तर? जानेवारीत आवाज केवढा झाला असेल. ही दारातच असते त्या वेळी. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

पाय खाली घेतला.

शुक्रवार, १९ एप्रिल

मास्तर आले! गोळी बदललीय. कप्तानने लोड अगदी कमी ठेवला. "बालवाडीत घातलं मला," म्हणाले. जीव भांड्यात पडला.

बुधवार, २४ एप्रिल

कप्तानने आज मला तिथल्या जिन्यावर नेलं. वायरी खिशातल्या डबीला जोडून. वळणापर्यंत चढायचं, कठड्याला धरून थांबायचं, एक वाक्य मोठ्याने बोलायचं. वाक्य पुरं झालं तरच पुढे. "दोन मजले असेच चढा. कोणाला दाखवायला चढायचं नाही काका. कळलं?" कळलं. पहिल्या वळणावर म्हणालो, "या जिन्याचा कठडा कोणीतरी चोरमापाने बसवलाय." पुढे गेलो. दुसऱ्या वळणावर काय बोललो आठवत नाही, पण पुरं बोललो!

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पंप त्रेचाळीस टक्के. म्हटलं, गिऱ्हाइकाला देणार नाही, पण स्वतःच्या घरी चालवून घेईन. हसले. रविवारी चढायची परवानगी.

चिरंजीवाचा चेहरा मात्र उतरला. "बाबा, आणखी एक आठवडा थांबू या का?" मग डॉक्टरांना घेऊन दाराबाहेर गेला. दार लावलं होतं, पण माझ्या कानांपुढे दार काय करणार! डॉक्टर म्हणत होते, "आता सांगायला हरकत नाही. झेपेल त्यांना."

चढणं झेपेल हे मला कशाला सांगताय? मी तर तयारच आहे!

शनिवार, २७ एप्रिल

दाढी केली. पांढरा शर्ट काढून ठेवला. हिला फोनवर म्हटलं, उद्या दारात उभी राहा. वळणावरून वर बघितलं की तू दिसली पाहिजेस.

"दारात कशाला? मी आहे तिथेच आहे. तुम्ही सावकाश या." मग थोडं थांबून, "आणि आल्यावर रागावायचं नाही."

"कशाबद्दल?"

"आधी या तर."

घर आवरलं नसेल. एवढ्या महिन्यांत त्या खोलीचा काय उकिरडा केला असेल तिने! मी कशाला रागावतोय.

रविवार, २८ एप्रिल

चढलो. दोन्ही वळणांवर थांबलो, दोन्हीकडे पुरं वाक्य बोललो. चिरंजीव मागे, हात पसरून.

दार उघडंच होतं. ही पलंगावर आडवी. निम्मी झालीय. मी बोलायला गेलो, तर म्हणाली, "अहो, आधी दम घ्या."

दम घेतला. मग तिनेच सांगितलं. जानेवारीत मी वळणावर कोसळलो तो आवाज ऐकून ही धावली आणि वरच्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. मी दवाखान्यात होतो तेवढ्यात ऑपरेशन झालं, चादरीच्या झोळीतून वर आणली. मला धक्का बसू नये म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवली. त्यानंतर ही एकदाही उभी राहिलेली नाही.

"तुमच्या कानांना काहीतरी द्यायला हवं होतं," म्हणाली.

वर चालायची ती सूनबाई.