कानेमात्सु आजोबांचा गंजीफ्रॉक

ती. ताईस,

धाकट्या सातोएचा दोन्ही हात जमिनीला टेकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आता उतार पडला असेल असं धरून चालते. नसेल पडला तर शेक घे आणि भाओजींवर थोडं खेकस, दोन्हीनं बरं वाटतं. इकडे अवाजीला आम्ही ठीक आहोत. हवा इतकी दमट आहे की कारखान्यात वाळत घातलेल्या उदबत्त्या सरळ राहायला तयार नाहीत, आणि घरात मिसोच्या डब्याच्या झाकणालासुद्धा बुरशी आली. आमचे हे बरे आहेत. म्हणजे जेवतात, हसतात. बाकीचं लिहितेच आहे, पण हे पत्र सुनेच्या हाती पडू देऊ नकोस.

मागच्या पत्रात मी तुला गळ घातली होती की भाओजींनी (मुख्य कचेरीत बसतात त्याचा मेहुणीला काहीतरी उपयोग होऊ दे) ह्यांची बदली परत चंदनाच्या खात्यात करून द्यावी. का, ते तेव्हा लिहिलं नव्हतं, लाज वाटली. आता गावभर झालंय, तेव्हा तुझ्यापासून काय लपवायचं? लग्न झाल्यापासून हे कारखान्यात उदबत्तीसाठी चंदन आणि लवंग मळत होते. संध्याकाळी दाराशी आधी तो वास यायचा आणि मागून हे. माझं काय व्हायचं ते तुला सांगायला नको, तीन पोरं काय उगीच झाली? गेल्या वर्षी परदेशी मालाचं नवं खातं निघालं आणि ह्यांना तिकडे टाकलं. तिथं स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, आणखी कसली कसली साखर. अगं, रात्री कुशीवर वळावं तर शेजारी केक! केकला कोणी मिठी मारतं का? मी आपलं, 'तुम्ही फार घोरता' असं सांगून गादी वरच्या खोलीत नेली. तर ह्या भल्या माणसानं पाठीला लाल चवळीची पिशवी बांधली, उताणं झोपता येऊ नये म्हणून. महिनाभर कुशीवर झोपले, आणि सकाळी जिन्याखाली उभं राहून विचारायचे, 'काल ऐकू आलं का गं?' तरी मी खाली येईना म्हटल्यावर कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पुरुषाला वयाचा वास येतो. लगेच पर्सिमनच्या रसाचा साबण आणला आणि अंग खसाखसा घासायला लागले. पाठ लालभडक व्हायची. मला भडभडून यायचं, पण पाय काही जिना उतरेनात.

मग एक दिवस ह्यांनी डब्याच्या फडक्यातून घडी घातलेला कागद काढला. आरोग्य केंद्रात कोबेहून मिनासे नावाच्या बाई येणार, नवराबायकोतली जवळीक ह्या विषयावर सल्ला देणार. मुळ्याच्या लोणच्याकडे बघत म्हणाले, 'जाऊन बघायचं का?' ज्या माणसानं लग्नाची मागणीसुद्धा तुझ्यामार्फत घातली, त्यानं हे विचारलं. मला नाही कसं म्हणवेल?

मिनासे बाई पस्तिशीच्या असतील, हुशार आहेत, पण 'संभोग' हा शब्द 'कांदा' म्हणावं तसा म्हणतात. (पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आम्ही सगळ्या बायका छताकडे बघत होतो, सगळे पुरुष चपलांकडे.) त्यांचं म्हणणं, माणसाची ओढ डोळ्यांआधी नाकाला कळते, आणि इतक्या वर्षांनी नाकाला झोप लागते, ती मोडायची. म्हणून आलेल्या पाच जोडप्यांतल्या पुरुषांनी एकसारखे पांढरे गंजीफ्रॉक तीन रात्री घालून झोपायचं आणि पिशवीत घालून आणायचे. बायकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून आपला नवरा ओळखायचा. बाईंनी सगळं विचारलं, झोप, औषधं, भांडणं. एवढंच विचारलं नाही की पुरुष कामाला कुठं जातात. पाचच्या पाच आमच्या उदबत्तीच्या कारखान्यातले!

पहिलीनं हुंगून सांगितलं, 'हे पाचही माझेच.' दुसरीला शिंका आल्या. मग मी. पहिली पिशवी, काही नाही. दुसरी नाकाशी नेली आणि विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, 'शी, हा गोडाचा कुणाचा?' आणि तिसरी... ताई, काय सांगू, अंगावर सर्रकन काटा आला, कान तापले. तो गंजीफ्रॉक मी छातीशी धरला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, 'हेच! हेच माझे!' पट्टी सोडून बघते तर समोर चंदनाच्या वाळवणीच्या माळ्यावरचे कानेमात्सु आजोबा, वय एकाहत्तर, कवळी खिशात. त्यांनी उठून कंबरेत वाकून माझे आभार मानले. त्यांच्या तोमिए आजी म्हणाल्या, 'घेऊन जा गं बाई, वर लोणच्याची बरणी देते!' लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. आणि तो गोडाचा कुणाचा होता, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. सगळ्यांत एकटे हेच हसले नाहीत.

घरी येताना समुद्राच्या धक्क्याशी हे थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'म्हणजे इतकी वर्षं तुला मी आवडत होतो, की चंदन?' ताई, मी सासरच्या सतरा जणांना उत्तरं देऊन जिंकलेली बाई. आणि तिथं म्हणाले काय, तर 'चला, भात लावायचाय.' हातात आजोबांचा गंजीफ्रॉक तसाच होता, परत द्यायचंही भान राहिलं नव्हतं. त्या रात्री वरच्या खोलीत मी पोटभर रडले. मला वाटलं, आता हा माणूस जिन्याखाली येऊन काही विचारायचासुद्धा नाही.

मिनासे बाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, 'तुम्ही त्यांना चंदनाशिवाय कधी भेटलाच नाहीत.' हुकूम झाला: ह्यांनी रजा घ्यायची, कारखाना बंद, साबण बंद, पितरांच्या देव्हाऱ्यापुढची उदबत्तीसुद्धा बंद. (सासूबाईंच्या तसबिरीनं माझ्याकडे असं बघितलं म्हणतेस!) पण ह्यांना रिकामं बसवतंय का? दुसऱ्याच दिवशी चुलतभावाच्या शेतावर कांदे काढायला गेले आणि संध्याकाळी असे आले की डोळ्यांना पदर लावायची वेळ. पुन्हा कपडे उकळा, पुन्हा ह्यांना गरम पाण्यात बसवा. मग मात्र मी त्यांना दमच दिला आणि अंगणाबाहेर सोडलं नाही.

आणि परवा दुपारी मी त्यांचे केस कापत होते, नेहमीसारखे, ओसरीवर वर्तमानपत्र पसरून. मानेवरचे केस फुंकायला वाकले आणि तिथं, मानेच्या खळगीत, मला वास आला. चंदन नाही, केक नाही, कांदाही नाही. गरम भाताचं झाकण उचलल्यावर येतो तसा, कडेला थोडा लोखंडाचा. एवढा संसार केला आणि मला हा वास माहीतच नव्हता गं. परपुरुषाला हुंगल्यासारखी लाज वाटली, आणि खरं सांगते, ती लाज मला फार आवडली. हे विचारतात, 'झालं का?' मी म्हटलं, 'हलू नका, अजून राहिलंय.' कात्री कुठं ठेवली कोण जाणे, अजून सापडलेली नाही. ह्यांच्या डाव्या बाजूचे केस तसेच लांब आहेत आणि मासळीवाल्यानं काल आणि आज, दोन्ही दिवस त्याचं कारण विचारलं.

तब्येतीला जप. भाओजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझी,
सातोए

ता. क. बदलीचं भाओजींकडे बोलू नकोस. बोलली असलीस तर जाऊन खोडून ये. व्हॅनिला तर व्हॅनिला. त्या वासाखाली कोण आहे ते मला आता कळलंय.

ता. क. २. ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते राहिलंच. ह्यांची रजा सोमवारी संपते. भाओजींना सांगून आणखी आठवडाभर वाढवून दे. कारण विचारलं तर कांद्यांची काढणी सांग. काढणी उरकली हे कचेरीत बसून त्यांना कुठं कळतंय?

ता. क. ३. पितरांच्या सणाला येशील तेव्हा वरची खोली तुझी. हवेशीर आहे. माझी गादी खाली आणली.

ता. क. ४. कानेमात्सु आजोबांचा गंजीफ्रॉक चांगला धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा म्हणून काल बादलीत टाकणार, तेवढ्यात तोमिए आजी धापा टाकत दारात. म्हणाल्या, 'धुतला नाहीस ना गं?'