एकशे बाराव्या पानावरचं लग्न

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तितकंच वाकून). गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब घालतेस ना? तीस वर्षं वॉर्डातल्या पेशंटना औषधं वेळेवर दिलीस, म्हणून स्वतःचीही घेत असशील असं मी मुळीच धरून चालत नाही. इकडे मी खुशाल. तुझं आत्मचरित्रही खुशाल, चार पानं सोडून. ओरडू नकोस, सांगते.

माझं काम म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यातली ने-आण सांभाळणारा ड्रायव्हर लिहिणं. (तू शेजारणीला "ती कॉम्प्युटर दुरुस्त करते" असं सांगतेस आणि मग तिचा प्रिंटर माझ्या गळ्यात पडतो.) पद्धत साधी आहे. मजकूर मेमरीतल्या ठरलेल्या खणात ठेवायचा, मग डिस्कला घंटा द्यायची. डिस्क येऊन खणातलं उचलून नेते, कोणाला विचारत नाही. मी याच क्रमाने लिहिलं होतं. पण प्रोसेसर पडला घाईचा! दोन्ही कामं करायचीच आहेत तर आधी कुठलं याला काय महत्त्व, असं म्हणून तो कधीमधी आधी घंटाच वाजवून मोकळा होतो. डिस्क बिचारी आज्ञाधारक. खणात मागचं शिळं पडलेलं असेल ते नेते आणि काम झालं म्हणून कळवते.

दोन महिने चाचण्या करून हे दिसलं कसं नाही? कारण तुझी हुशार भाची चाचणीत दर वेळी तोच तो एक मजकूर लिहीत होती. शिळं काय नि ताजं काय, दिसायला सारखंच.

शेवटी खराखुरा मजकूर हवा म्हणून तुझं आत्मचरित्र त्या डिस्कवर टाकलं. (कॉपी नाही केलं. हलवलं. रागावून झालं की पुढे वाच.) माझ्या शेजारी बसणारा शंकासुर, ज्याचा स्वतःच्या घड्याळावरही विश्वास नाही, तो ते पहिल्यापासून वाचत बसला आणि एकशे बाराव्या पानावर थांबून म्हणाला, "अगं, तुझ्या आत्याने दोनदा लग्न केलं? तेही त्याच माणसाशी?" बघते तर चौतिसाव्या पानावरचं तुमचं लग्न, उशिरा आलेल्या फोटोग्राफरसकट आणि आतोबांच्या घट्ट बुटांसकट, पुन्हा लागलेलं, आणि तिथली मूळची चार पानं गायब! तासाभरात चोर सापडला. मजकूर आणि घंटा यांच्यामध्ये एका ओळीचा अडसर घातला: आधीचं सगळं जागेवर पडल्याशिवाय घंटा नाही. तीन दिवस लाखो वेळा लिहून पाहिलं, एक चूक नाही. आमच्या प्रमुख बाईंनी ड्रायव्हर मंजूर केला आणि तुला धन्यवाद सांगितले आहेत. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

तुझी (अजूनही, अशी आशा आहे) लाडकी,
भाची

ता. क. आत्मचरित्र टाइप झाल्यावर तुझ्या हस्तलिखिताच्या वह्या रद्दीत दे असं मीच सांगितलं होतं. तू कधी नव्हे ते माझं ऐकलंस का?

ता. क. २. गेलेली पानं कुठली, ते सांगायचं टाळत होते. आतोबांच्या शेवटच्या आजारपणाची. ती लिहायला तुला सहा महिने लागले होते. पुन्हा लिही म्हणायला जीभ रेटत नाही. नको वाटलं तर तिथे लग्नच राहू दे, मला ते आवडलंय. पण सांगावंसं वाटलं तर शनिवारी येते. तू बोल, मी टाइप करते.

ता. क. ३. दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवीन. दोन्हींचे ड्रायव्हर दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले आहेत, याची खात्री करून घेतली आहे.