पस्तीसच्या खाली

२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी तुझं पार्सल आलं.
२. आत चार शर्ट, दोन पँटी आणि तुझा राखाडी लोकरीचा कोट होता. सोबत चिठ्ठी, की मला आता यात दोनदा गुंडाळता येतं, तुला होईल बघ.
३. मी कोट घातला.
४. झाला. सगळी बटणं लागली.
५. नवरा म्हणाला, अगदी तुझ्या मापाने शिवल्यासारखा बसलाय.
६. नवऱ्याशी बोलणं बंद आहे.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू लगेच हसतेस, मी लगेच गप्प होते, आणि मागून आई दोघींच्या वतीने बोलते. म्हणून पत्र.

आपल्या घरात मोठीचे कपडे धाकटीला कधी आलेच नाहीत, हे तुला आठवत असेल. तुझे जुने कपडे मला दोन वर्षांनीही ढगळ व्हायचे, म्हणून आई ते मावशीकडे पाठवायची आणि मला नवीन शिवायची. मी त्याचा तोरा मिरवला नाही, पण तोरा होता. परवा पहिल्यांदा तुझा कपडा माझ्या अंगाला बसला, आणि तोही तुला नकोसा झालेला.

रविवारी आईचा फोन होता. तुझ्या बेकरीत येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, काउंटरवरची ही तुमची धाकटी का? आईने ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला एवढं खुलून बोलताना मी पूर्वी माझ्या निकालाच्या दिवशी ऐकलं होतं. मला आनंद झाला नाही. झाला असं लिहिलं तर तुला ते खोटं आहे हे कळेल, म्हणून लिहीत नाही.

आता मुद्दा. माझी साखर गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. आठवड्याचं इंजेक्शन सहा महिने घेतलं, पण उलट्यांमुळे प्रयोगशाळेत वजनं-मापं तपासत उभं राहता येईना, म्हणून बंद करावं लागलं. डॉक्टरांनी सर्जनकडे पाठवलं. सर्जन म्हणाले की पूर्वी बीएमआय पस्तीसच्या खाली असेल तर आम्ही माणसाला परत पाठवायचो. आता औषधांना दाद न देणारी साखर असेल तर तीसच्या पुढच्यांचाही विचार करतो. मी पस्तीसच्या आसपास आहे. तुझं दोन वर्षांपूर्वी झालं तेच, पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेण्याचा मी विचार करते आहे.

बहिणीला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, असं त्यांना सांगून आले आहे. तुझं खरं मत लिही. गिऱ्हाइकाला देतेस ते नको.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, सध्या कोटाखाली दबलाय.

तुझी
धाकटी


९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

अगं, कोट तो कोट! चांगलं कापड, टाकवेना, म्हटलं घरातल्या घरात राहील. तू त्याचा एवढा पंचनामा करशील हे ठाऊक असतं तर भिकाऱ्याला दिला असता. आणि त्या बिचाऱ्या माणसाशी बोल आधी. बायकोच्या कपड्यांबद्दल खरं बोलणारा नवरा नमुन्याला एखादाच सापडतो. जावईबापूंना माझा जाहीर पाठिंबा आहे.

आता ऑपरेशन. वेड लागलंय का तुला? माझी गोष्ट वेगळी होती. ओव्हन आणि टेबलाच्या मधून मी आडवी होऊन जायचे. बुटाची नाडी बांधायला आईला हाक मारायची. बसमध्ये माझ्या शेजारी जागा असली तरी लोक दांड्याला लोंबकळत उभे राहायचे. तुझं काय? थोडी भरलीस. तिशी ओलांडली की बाई भरते. तुला बघून अजून कुणी रस्ता बदललेला नाही.

शिवाय नंतरचं कुणी सांगत नाही. सकाळी पाव निघतो, दुकानभर वास सुटतो, आणि मी दोन घासांवर हात धुते. क्रीम चाखायचं तर जिभेवर ठेवायचं आणि थुंकायचं. चुकून गिळलं की घाम फुटतो, हात थरथरतात, मैद्याच्या पोत्यांवर आडवं व्हावं लागतं. परवा कारागीर म्हणाला, मालकीणबाई, तुम्ही केक असा बघता जसा कुणी मोडलेल्या लग्नातला नवरा बघावा. केस मूठमूठ गेले. दिसतात ते युक्तीने विंचरलेले आहेत. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सरणावर जाईपर्यंत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, तिला कशाला हवंय असलं काही, ती तर आपली पहिल्यापासून काटक. मीही तेच म्हणते. रोज चाल, जिभेला आवर घाल, सुटशील.

लोभ पावासारखा फुगता राहू दे. पाव बसला तर दोष भट्टीचा असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझी
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. मी तुला विचारलं होतं, आईला नाही.

रोज चाल, जिभेला आवर घाल. हे वाक्य मी ओळखलं. शाळेपासून तू ते ऐकलंस. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून तूच म्हणाली होतीस, की हे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात कणीक कोंबावीशी वाटते. आता ती कणीक कुणाच्या तोंडात कोंबू, ते सांग.

तुझ्यापेक्षा मी कधीकाळी बारीक होते, हे माझ्या साखरेला माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना मागच्या पडद्यावर साखरेने पडणारे पहिले ठिपके दिसले आहेत. माझं काम बारीक खुणा वाचण्याचं आहे. डोळे गेले तर मला दुसरं काही येत नाही.

आणि मला जे वाटतं तेही लिहिते. ती जागा तुला एकटीला हवी आहे. आईच्या शेजारची, बँकेतल्या बाईंच्या नजरेतली. मला तुझा हेवा वाटतो, ताई. तुझ्या गालांच्या हाडांचा वाटतो, आई तुझं नाव घेताना तिचा आवाज बदलतो त्याचा वाटतो, आणि तू दोन घासांवर उठतेस त्याचाही वाटतो, कारण मला उठता येत नाही. माझं मी कबूल केलं. आता तू.

तुला हसायला एक गोष्ट देते. परवा सर्जनकडे फाइल करायला गेले. तिथल्या नर्सने वजन घेतलं, उंची घेतली, आणि बीएमआय पस्तीस पूर्णांक एक काढला. मला ते पटलं नाही. सकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर मी उभी राहिले होते, आणि तो काटा मी स्वतः तपासलेला आहे. मी तिला म्हटलं की तुमचा काटा जास्त दाखवतो. ती म्हणाली, बाई, प्रत्येक जण हेच म्हणतो. मग मी खाली जाऊन कामाच्या गाडीतून वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं आणली, दोन खेपा केल्या, आणि काट्यावर रचली. ऐंशीच्या जागी त्याने जवळजवळ पाऊण किलो जास्त दाखवलं. नर्सचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिने माझा आकडा खोडून चौतीस पूर्णांक आठ लिहिला.

तेव्हा ती म्हणाली की पस्तीसच्या वर असतात तर फाइल सरळ पुढे गेली असती. खाली असल्यामुळे आता तीन डॉक्टरांची समिती बसेल. आयुष्यात पहिल्यांदा मला वजन कमी भरल्याचं वाईट वाटलं. घरी भिंतीला उद्देशून सांगितलं, तर नवरा म्हणाला, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, पण धोंडा आधी तोलून बघणारी तूच. हसू आल्यामुळे त्याच्याशी बोलणं सुरू करावं लागलं.

समिती १२ एप्रिलला आहे. सगळे रिपोर्ट लागतील, आणि नंतरचे पहिले आठवडे माझ्यासोबत राहणारं घरचं माणूस त्या दिवशी तिथे लागेल. नवऱ्याला १० तारखेला पुलाच्या कामावर परत जायचं आहे. मी तुझं नाव देणार होते. तुझ्या पत्रानंतर दिलेलं नाही.

लोभ मागत नाही. उत्तर माग असं मन म्हणतंय.

तुझी
धाकटी


२५ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. धपाटा या वेळी माझा मलाच.

पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. आईने विचारलं, काय लिहितेय? मी म्हटलं, काट्याची गंमत. तेवढीच तिला वाचून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, ही पोरगी देवाच्या दारातसुद्धा तराजू तपासेल. बाकीचं मी मागच्या खोलीत वाचलं.

डोळ्यांचं तू आधी का नाही लिहिलंस? कोटावर कागदभर लिहिलंस आणि डोळ्यांवर चकार शब्द नाही. तू अशीच आहेस. रक्त वाहत असलं तरी आधी फरशी पुसणार.

आता माझं. तू म्हणालीस कबूल कर. करते. पाहुणे आले की आई तुला बाहेर बोलवायची आणि मला चहा टाकायला लावायची. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची, चहा ताईसारखा कुणाला जमत नाही. बक्षिसं तुझी, नोकरी तुझी, फोटोत पुढची जागा तुझी. मी मागे, कारण माझ्या मागे कुणी उभं राहिलं तर दिसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा माझ्या दंडाला धरून रस्त्याने चालली. मोठ्या दिमाखात चालली. आता तूही बारीक होणार, वर हुशार आहेसच. मग मी पुन्हा चहा टाकायला. तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला, आणि त्या विचाराने हात धरून मागचं उत्तर लिहिलं.

पण एवढंच असतं तर मी पचवलं असतं. दुसरं असं आहे की माझं वजन परत चढतंय. हिवाळ्यापासून. आठ किलो. आईला माहीत नाही, मी सैल शर्ट घालते. घास वाढले नाहीत, पण दिवसभर चिमूट-चिमूट तोंडात जातं. बिस्किटाचा चुरा, पावाची कड. गिळताना त्रास होत नाही असं काय काय असतं, ते बेकरीवाल्या बाईइतकं कुणाला कळणार? तो कोट कपाटात लटकत होता आणि रोज सकाळी माझी वाट बघत होता. तुला चिडवायला नाही पाठवला. मला तो घराबाहेर हवा होता.

ऑपरेशन करून घेतल्याचा पस्तावा नाही मला, हेही खरं. माझी साखर गेली ती अजून आली नाही, गुडघे दुखत नाहीत, नाडी मी माझी बांधते. पण तू माझ्याइतक्या चिखलातून निघणार नाहीस. तू काठावरूनच निघणार, आणि वर मोजून-मापून खाणार. दोन वर्षांनी तू जिथे असशील तिथून मी घसरत खाली येत असेन, आणि आई कुणाच्या दंडाला धरेल ते मला दिसतं.

समितीपुढे मी काय तोंड दाखवू? सर्जन मला विचारतील, तुमचं कसं चाललंय, आणि मी काय सांगू? दुकान कारागिरावर टाकता येईल. आईला मावशी बघेल. सबबी संपल्या आहेत. उरली ती लाज.

लोभ असू दे. मोजू नकोस.

तुझी
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

आठ किलोचं वाचून मला आधी बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण तू तुझा पहिला विचार लिहिलास, म्हणून मी माझा लिहिते. बरं वाटणं मग थांबलं आणि माझी मान खाली गेली. मी पाणी प्यायले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं.

काल सर्जनना भेटले. तुझं नाव घेतलं नाही. माझी कुणी नसलेल्या एखाद्या बाईबद्दल विचारावं तसं विचारलं. ते म्हणाले की वजन पुन्हा चढणं नवलाचं नाही. लोक लाजेने यायचे थांबतात आणि त्यामुळे ते जास्त चढतं. आहार सांगणाऱ्या बाई असतात, औषधंही असतात. आठ किलो चढल्यावर आलेलं माणूस त्यांना तीस किलो चढल्यावर आलेल्यापेक्षा पुष्कळ परवडतं. तुझ्या सर्जनकडे तू शेवटची कधी गेलीस, हे मी विचारत नाही. उत्तर मला तुझ्या पत्रात दिसलं.

मग मी स्वतःला एक प्रश्न विचारला. ताई पूर्वीसारखीच जाड असती, तर मला हे ऑपरेशन हवं असतं का? हवं असतं, कारण ठिपके माझ्या डोळ्यांत आहेत, तुझ्या नाहीत. पण एवढी घाई केली नसती. घाई ही हेव्याची आहे, गरज साखरेची आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये जाणार, त्याला इलाज नाही. समितीने नाही म्हटलं तर मी पुन्हा गोळ्यांकडे वळेन आणि दुसरं काही शोधेन. हो म्हटलं तर करून घेईन.

म्हणून तू ये. लाज सोडून नको, लाजेसकट ये. समितीपुढे आठ किलोंसकट सगळं सांग. ते ऐकूनही त्यांनी मला हो म्हटलं, तर त्या होकारावर माझा विश्वास बसेल. नंतरच्या आठवड्यांसाठी पगारी नर्स मिळते, चौकशी केली आहे. पण माझ्या ताटात किती उरलं हे नर्स फार तर लिहून ठेवेल. तू डोळ्यांत तेल घालून बघशील, आणि मी तुझ्या हातातला चुरा बघेन. आपण दोघी एकमेकींना एक चिमूटही सुखाने खाऊ देणार नाही. इतकी कडक देखरेख विकत मिळत नाही.

हेवा जाईल असं मला वाटत नाही. माझा तरी जाणार नाही. मी बारीक झाले आणि आईने माझा दंड धरला, तर तू जळशील, आणि मला ते आवडेल. तुझे आठ किलो उतरले तर मी जळेन. तुझ्यापासून एवढंच लपवायचं होतं, तेही आता लपलेलं नाही.

आईला यातलं काहीही सांगू नकोस. तुझं तर मुळीच नको. मी माझं सांगेन, समितीनंतर.

लोभ वाढो असं लिहायची रीत आहे. आपल्यात तो आहे तेवढा दोघींना पेलत नाही, म्हणून राहू दे तसाच.

६ एप्रिलला सोबतच्या माणसाचं नाव द्यायचं आहे. तुझं देऊ का, हो की नाही, ते ५ एप्रिलपर्यंत मला कळव.

तुझी
धाकटी